मामांचा नमुना

माझे मामा, बाळकृष्ण वामन कोळथरकर, अंबरनाथ पश्चिमेला राहतात. वय त्र्याहत्तर. एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेचे अधिकारी होते. निवृत्त झाल्यावर कुळवृत्तांत हाच त्यांचा उद्योग झाला. नवी आवृत्ती काढायचं ठरलं आणि कुलमंडळाचं चिटणीसपद आपोआप त्यांच्याकडे आलं. नऊ शाखा, अकराशे माणसं; कोण पोटापाण्यासाठी कोकणातून कुठे गेलं, कुणाच्या किती मुली कुठे दिल्या, सगळं त्यांना तोंडपाठ.

जनुकीय तपासणीची कल्पनाही त्यांचीच. मंडळाच्या सभेत त्यांनी समजावून सांगितलं होतं, "वाय नावाचं गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. त्यावरून पितृकुळाचा गट काढतात, त्याला हॅप्लोग्रुप म्हणतात. नऊ शाखांचे बारा पुरुष तपासले की आपण सगळे एकाच मूळपुरुषाचे की नाही, ते कळेल." बारा जणांनी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली आणि नळ्या पाठवून दिल्या. त्यात मामा एक आणि त्यांचे सख्खे चुलतभाऊ रामभाऊ एक.

दीड महिन्याने निकाल आला. अकरा जणांचा गट एकच, आर-वन-ए, आतल्या खुणाही जुळणाऱ्या. बाराव्याचा गट एल. बारावे मामा होते.

मामांना आधी वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली असणार. त्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेत स्वतः जाऊन नमुना दिला. तोच निकाल आला. हा गट सिंधपासून केरळपर्यंत कुठेही सापडतो, एवढ्यावरून गाव किंवा जात सांगता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. पितृकुळाकडून जवळचे नातेवाईक सापडतात का, त्या रकान्यात शून्य.

माणूस प्रयोगशाळेतला. त्यांनी कागद घेतला आणि आकृती काढली. रामभाऊ कुळाशी जुळतात, म्हणजे आजोबांपर्यंत सगळं ठीक. गडबड आजोबा आणि वडील यांच्यामध्ये असेल, नाहीतर वडील आणि आपण यांच्यामध्ये. दोन्हींकडे एकेक बाई होती. एक आजी, एक आई.

चार दिवस ते देवघरातल्या आईच्या फोटोला फूल वाहायला गेले नाहीत. हे मला त्यांच्या सुनेने, सईने फोनवर सांगितलं. "बाबा जेवतात, पेपर वाचतात, विचारलं तर उत्तरही देतात. पण ताई, ते घरात नाहीयेत."

पाचव्या दिवशी सकाळी ते बदलापूरला आमच्याकडे आले. माझी आई सुनंदा त्यांची थोरली बहीण, वय एक्क्याऐंशी. ती भाजी निवडत होती. मामांनी चहा घेतला, कागद पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं, सभेत सांगावं तसं.

आई म्हणाली, "मग माझी तपासणी करून घे. त्यातून काही कळेल?"

"बायकांत ते गुणसूत्र नसतं, ताई. म्हणून तुला विचारायला आलोय. आईचं काही... तुझ्या कानावर?"

आईने निवडलेली मेथी बाजूला सारली. "आईला नावं ठेवू नकोस, बाळ. तिने काही केलेलं नाही."

"मग?"

"तू तिच्या पोटचा नाहीस."

मी ओट्यापाशी उभी होते. आईच मग सांगत गेली. तेव्हा ती आठ वर्षांची होती. वडील अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात स्टोअरकीपर. तिच्या आईची त्याआधीची दोन मुलं पाळण्यातच गेलेली. बनूबाई नावाची सुईण फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या कॅम्पात बाळंतपणं करायला जायची. एक दिवस तिने टॉवेलात गुंडाळून मूल आणलं. बाळंतीण गेली होती, तिचा नवरा कॅम्पात आलेलाच नव्हता, मागे कोणी नव्हतं.

"कुठला कॅम्प?"

"चार नंबरचा म्हणत होते बहुतेक. बराकी होत्या नुसत्या."

"नाव?"

"कुणी विचारलं नाही रे. रोज माणसं येत होती तिथे. बाबांनी जन्माची नोंद आपल्या नावाने केली आणि मला देवापुढे उभं करून शपथ घातली."

मामांनी मान हलवली. "बरं," म्हणाले. कागदाची घडी घातली. आई रडायला लागली, तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण त्यांचा चेहरा तसाच होता. आपली आई वाईट चालीची नव्हती, याचं बरं वाटेल असं वाटलं होतं, पण तसं काही वाटलं नाही, असं ते मला नंतर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते कॅम्प चारला जायचं म्हणाले. मीही गेले. बराकी आता कुठे दिसणार? खाली दुकानं, वर घरं, आत शिलाई मशिनींचा आवाज. कपड्यांच्या चेन विकणाऱ्या एका दुकानापुढे मामा थांबले. गल्ल्यावर त्यांच्याच वयाचे गृहस्थ बसले होते. "क्या दूँ, साईं?" त्यांनी विचारलं. मामा त्यांच्याकडे बघत राहिले. नाकाकडे, कानांकडे. मग "कुछ नहीं," म्हणाले आणि आम्ही रिक्षा केली.

"काय शोधत होतात?" मी विचारलं.

"माहीत नाही. कुणीही असू शकतं. कुणी नसूही शकतं."

कुळवृत्तांत छापायला जायचा होता. मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला, "बाळकृष्णपंत, अकरा नमुने छापू. बाराव्याची वाच्यता कशाला?"

"बारा तपासले, तर बाराच छापायचे. आणि माझ्या नावापुढे दत्तक लिहा."

"दत्तविधान झालं होतं का?"

"नाही."

"मग कसं लिहिणार?"

त्यांच्या मुलालाही, उन्मेषलाही हे पटलं नव्हतं. "बाबा, आपल्यासाठी काय बदललंय? उद्या तुमच्या नातीच्या, ओवीच्या लग्नात लोक विचारतील."

"विचारू देत," मामा म्हणाले. आवाज चढला नाही. तीन दिवस घासाघीस करून त्यांनी स्वतःच्या हाताने ओळ लिहिली: 'बाळकृष्ण. वामन व सावित्री यांनी जन्मापासून वाढवलेला मुलगा.' तीच छापली गेली.

भाद्रपदात वडिलांची तिथी आली. दरवर्षी मामाच श्राद्ध करतात. आई आणि मी गेलो होतो. गुरुजींनी संकल्पाला सुरुवात केली आणि विचारलं, "गोत्र?"

मामा पळी हातात धरून बसून राहिले. गुरुजींनी पुन्हा विचारलं. तेव्हा शेजारी बसलेला उन्मेष म्हणाला, "वासिष्ठ." मामांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यामागून म्हटलं, "वासिष्ठ."

तर्पण संपत आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "गुरुजी, आणखी एक बाई आहेत. नाव माहीत नाही, गोत्रही नाही."

"चालतं की. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं. कोण तुमच्या?"

गुरुजी थांबले होते.

"आई," मामा म्हणाले.

माझ्या आईने पदर तोंडाला लावला. मामांनी तीळ घेतले, पाणी सोडलं, हात पुसले. पानं वाढली गेली. ते नेहमीसारखे जेवले, खीर परत मागून घेतली. निघताना मी विचारलं, पाणी सोडताना काय वाटलं?

थोडा वेळ आठवल्यासारखं करून ते म्हणाले, "खरं सांगू? काहीच नाही. पाणी गार होतं, एवढं कळलं."