हळद लागलेला पिकअप

माझी गिटार माणसाचं बोलणं ऐकायची. हे कुणाला पटावं म्हणून मी लिहीत नाही. न पटलं तर माझं काही अडत नाही. तारांखाली एक चपटी डबी असते, लोहचुंबकाभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेची गुंडाळी, तिला पिकअप म्हणतात. पिकअपनं तारेचा कंप तेवढा उचलावा, ही रीत. माझा पिकअप म्हातारा झाला तसा जवळ कुणी मोठ्यानं बोललं तरी ते उचलायचा, आणि पलीकडच्या अँप्लिफायरमधून ते बोलणं बारीक, खरखरीत, विहिरीच्या तळातून आल्यासारखं बाहेर पडायचं.

मी चौथीतून उठलो तो थेट मिठागरात. पुढं जमिनी सरकारात गेल्या, पैसा आला, तेव्हा भावांनी मोटारसायकली घेतल्या आणि मी मुंबईला जाऊन एका ऑर्केस्ट्रावाल्याची जुनी लाल गिटार आणली. बाप म्हणाला, "भावांनी निदान बसायला तरी घेतलं. यानं लाकडाला तारा बांधल्यान." मी त्याच्या समोर बसून वाजवली. त्याला आवडली नाही. पण त्यानंतर पनवेलपासून जासईपर्यंत चांगल्या घरची हळद माझ्याशिवाय झाली नाही, आणि हे मी एकटा सांगत नाही, कुणालाही विचारा.

माझी बायको धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात धवले गाणारी बाई भटाच्या तोलाची. ती गाते तसा विधी पुढं सरकतो. ती थांबली की हळदीची वाटीही थांबते. धवल्याला वाद्य नसतं. ती तोंड उघडणार म्हटलं की बँड गप्प. मी गिटार गळ्यात तशीच ठेवून तिच्या खांद्याला लागून उभा राहायचो. मग तिचा एक आवाज मांडवात आणि दुसरा माझ्या अँप्लिफायरमधून. मांडवातला जाड, खणखणीत. दुसरा पातळ, जरा मागं राहिल्यासारखा. लोक हसायचे.

"बायको गिटारीत शिरली रं तुजी! घरी पन अशीच आयकतोस का तिचं?"

"घरी मी बटण बंद ठेवतो," मी म्हणायचो, आणि तिच्या पिवळ्या हाताचा एक फटका पाठीवर बसायचा. माझ्या जुन्या शर्टांवर ते पंजे कितीही धुतले तरी राहिलेच.

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. हळदीत वाजवणं मी तेव्हाच सोडलं. पण दुपारी घरातले आपापल्या कामाला गेले की मी गिटार खाटेवर आडवी ठेवायचो, वायर जोडायचो, अँप्लिफायर चालू करायचो आणि हात लावायचो नाही. नुसती घूं घूं यायची. त्या घूं घूंच्या मागं कुणीतरी बसलेलं असायचं. म्हणजे गायला बसलेलं, अजून सुरुवात न केलेलं. मला कारण कळत नव्हतं असं नाही. आमचं गावठाण करंजाड्याच्या टॉवरांच्या मागं. पलीकडच्या रस्त्यानं द्रोणागिरीकडं जाणारे कंटेनरचे ट्रेलर गेले की भिंत थरथरते, भिंतीबरोबर खाट, खाटेबरोबर गिटार. पण कारण ठाऊक असलं म्हणून अंगावरचा काटा बसत नाही.

एकदा तो आवाज इतका जवळ आला की माझ्या तोंडून निघून गेलं, "काय गो?"

आणि अँप्लिफायरमधून बारीक आवाजात आलं, काय गो. मीच बोललो होतो, पिकअपनं उचललं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी उठून बटण बंद केलं नाही. भाताचं पातेलं करपल्याचा वास आला तेव्हा कुठं उठलो.

गिटार हळूहळू बिघडत चालली होती. बटण फिरवलं की कडकड, दोन मिनिटं वाजवलं की शिट्टी. मुलगा म्हणायचा दुरुस्त करून घेऊ. मी कुणाला हात लावू दिला नाही. दुरुस्त केली तर ऐकायचं सोडेल, एवढं मला शिक्षण नसताना कळत होतं.

मग नातीचं लग्न ठरलं. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. "आज्या, माझ्या हळदीला तूच वाजवायचं. तू नाही वाजवलंस तर मी पाटावर बसणार नाही."

"बसू नको. नवरा घेऊन जाईल तशीच."

"मस्करी नाय करत, आज्या."

ठरलं. आठवड्यानं बँडवाला घरी आला, सराव करायला. मी तीन ठेके वाजवले आणि गिटारीनं अशी शिट्टी मारली की शेजारचं पोर रडायला लागलं. पुन्हा वाजवली. पुन्हा तेच. बँडवाल्यानं माझ्या नातवाच्या वयाचा असून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, टेन्शन नका घेऊ. तुमी गिटार गल्यात घालून निस्ते हुबे ऱ्हावा. आवाज मी कीबोर्डवरनं काढतो. शूटिंगमधी तुमीच दिसाल."

"नुस्ता उभा राहू?"

"हात हलवा की जरा. कोनाला कलनार हाय?"

मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मांडवात खोटे हात हलवायचे, आणि तेही नातीच्या हळदीला! माझ्या बापाला गिटार आवडली नव्हती, पण ती खोटी आहे असं तोही म्हणाला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी गिटार चादरीत गुंडाळली आणि पनवेलला रिक्षा केली.

मशिदीच्या मागच्या गल्लीत एक दुरुस्तीवाला आहे. वीस-बावीस वर्षं आखातात हॉटेलांमध्ये साउंडचं काम करून आलेला. स्वतःचं भारी कौतुक त्याला. त्यानं चादर उलगडली, दोन बोटांनी तारा छेडल्या आणि तोंड वाकडं केलं.

"चाचा, ही गिटार आहे की मच्छी तळायची कढई?"

"वाजवून दाखव आधी, मग नावं ठेव."

तारा सैल करून त्यानं पिकअपचे स्क्रू काढले, वरचं आवरण उचललं, आणि थांबला. मला जवळ बोलावलं. आत पिवळं होतं. गुंडाळीच्या कडेला, चुंबकाच्या डोक्यांवर, पार तळापर्यंत पिवळा थर, मधेमधे लाल. ओला होऊन सुकलेला, पुन्हा ओला होऊन पुन्हा सुकलेला, पापुद्र्यांसारखा.

"या अल्ला. ही हळद इथं कुणी भरली?"

मला बायकोचा हात दिसला. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. कोयता, जाळं, होडीचं वल्हं, ज्याचं पोट ज्यावर चालतं ते. पहिल्याच वर्षी तिनं मला विचारलं होतं, आवाज नक्की कुठून निघतो? मी पिकअपवर बोट ठेवलं होतं. त्या वर्षापासून दर वर्षी ती तिथंच हळदकुंकू लावायची, वर पळीभर पाणी शिंपडायची. नुसतं टिळ्यापुरतं नाही, भरभरून. देवाला कमी पडू नये तसं.

"माझ्या बायकोनं," मी म्हणालो.

"भाभीनं तर चाचा, काम तमाम केलंय. आतलं मेण सुटलंय, गुंडाळी मोकळी झालीय. म्हणून तर शिट्टी मारते. म्हणून तर कुणी बोललं की बडबडते."

म्हणजे तिला ऐकणारा कान तिनंच केला होता. एकेक खंडेनवमीला, थोडा थोडा. मी दुकानातल्या स्टुलावर बसलो.

"जुनाच ठेव," मी म्हणालो.

"कशाला?"

"मी सांगतो म्हणून."

"अहो, तार आतून तुटत आलीय. ऐन मांडवात बंद पडेल. मग माझ्या नावानं शिव्या."

"तुझं नाव कोण घेतंय? ठेव म्हणतो ना."

त्यानं पेचकस खाली ठेवला. आवाज जरा उतरवला. "चाचा, तसल्लीनं ऐका. वाजवायची आहे, की नुसती ठेवायची आहे? ठेवायची असेल तर मी आत्ता स्क्रू लावून देतो, घेऊन जा. वाजवायची असेल तर मला माझं काम करू द्या."

बाहेर कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता. नात पाटावर बसलेली आणि मी खोटे हात हलवतोय, हे माझ्या डोळ्यांपुढं आलं.

"वाजवायची आहे," मी म्हणालो.

त्यानं नवा पिकअप घातला, मेणात बुडवून घट्ट केलेला. आत तांब्याचा पातळ पत्रा चिकटवला, बटणं बदलली, डाख दिले. मी तिथंच बसून राहिलो. कुणाचं ऑपरेशन चालू असलं की बाहेर बसतात तसा नाही; मी आतच बसलो, बघत. मग त्यानं वायर जोडली, सगळी बटणं चढवली.

"बोला काहीतरी. अगदी जवळून बोला."

मी वाकलो. काय बोललो ते लिहीत नाही. अँप्लिफायरमधून काहीच आलं नाही. घूं घूंसुद्धा नाही.

"बघा! एकदम खामोश!" तो खूष झाला. मी जुना पिकअप कागदात बांधून घेतला. तो कुठं ठेवला हे घरात कुणाला सांगितलेलं नाही.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी मांडव भरला. मी वाजवलं. बोटं जड झाली होती, पण ऐकू येत होतं ते सगळं माझंच होतं, आणि बँडवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. नात पाटावर बसली. नवी धवलारीण पुढं आली. माझ्या बायकोकडंच शिकलेली, चुलत वहिनी लागते मला. तिनं हात वर केला. बँड थांबला.

ती गायला लागली. धवला तोच. मी गिटार गळ्यात ठेवून तिच्या बाजूला उभा होतो आणि दुसऱ्या आवाजाची वाट बघत होतो. येणार नाही हे ठाऊक होतं. तरी माझं बोट बटणावर गेलं. थोडं चढवलं. मांडवात एकच आवाज. आणखी चढवलं. अँप्लिफायर पायाशी होता, त्याचंही बटण पायाच्या अंगठ्यानं पुढं ढकललं. सगळं शेवटापर्यंत चढलं, आणि धवला एकटाच चालला होता, उघडा, मागं कुणी नसलेला.

तो संपला. बायकांनी हळद लावून झालेली वाटी उचलली. बँडवाल्यानं मान हलवली आणि मी सवयीनं तारांवर हात मारला.

छत फाटल्यासारखा आवाज झाला. वाटी कुणाच्या तरी हातातून पडली. म्हातारी माणसं खुर्च्यांतून उठली.

"मेल्या, जीव घेशील का रं आमचा!" धवलारीण किंचाळली, आणि मग अख्खा मांडव हसायला लागला. नातही. तिचं पिवळं तोंड माझ्याकडं वळलेलं होतं.

हसणं थांबलं तरी सूर चालूच होता. लांब, स्वच्छ, कुठं खरखर नाही. मी त्यात कान घालून बघितलं, पार टोकापर्यंत. त्यात कुणी नव्हतं. मग मी तारांवर तळहात ठेवून त्याला थांबवलं, बटण खाली आणलं आणि बँडवाल्याला म्हणालो, "हां, चल."