कैद्याच्या घरातले मिस्त्री

दगड भिंतीत बसवण्याआधी मिस्त्री त्याच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "हा राहील." खणखणीत आवाज आला नाही तर दगड परत. इंजिनियर घाईनं "यल्ला, यल्ला", चला, उरका, करून थकायचे, मिस्त्री ढिम्म.

शारजात एका सरकारी इमारतीचं काम चाललं होतं. मिस्त्री रत्नागिरीकडचे. मी साइट ऑफिसात, रजेच्या अर्जांवर सही करणारा. सगळ्यांचे पासपोर्ट माझ्याच कपाटात असत. जपून ठेवतो, असं आम्ही म्हणायचो.

मिस्त्रींचा खापरपणजा कैदी होता. इंग्रजांनी त्याला जहाजात घालून सिंगापूरला नेलं आणि सरकारी इमारती बांधायला जुंपलं. तो परत आला नाही, मेल्याची बातमीही आली नाही; म्हणून खापरपणजीनं शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. "तो बेडी घालून गेला, साहेब. मी तिकीट काढून आलो," मिस्त्री हसत सांगायचे. मीही हसायचो. तुम्हीही हसला असता.

मग त्यांची आई अंथरुणाला खिळली. त्यांनी रजा मागितली. हँडओव्हर दहा दिवसांवर आलेलं, दर्शनी भिंत अर्धी. मी अर्ज बाजूला ठेवला.

"आई रोज विचारते, साहेब, कधी येतोस."

"सांगा ना, निघालो म्हणून. तेवढाच म्हातारीला धीर."

"खोटं कसं बोलू?"

"दहा दिवसांनी जाणारच आहात की."

"इन्शाल्ला," इथल्या सवयीनं म्हणत त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. "आई, निघालो गं. वाटेत आहे." फार शहाणपणाचा सल्ला दिला, असं तेव्हा मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते ऑफिसात आले. हात सिमेंटनं भरलेले. भावाचा फोन आला होता, आई गेली. मी कपाट उघडलं, पासपोर्ट काढला, सही केली. दोन मिनिटं लागली. त्या दोन मिनिटांची मला आजही शरम वाटते.

मिस्त्री गेले ते परत आले नाहीत. भिंत दुसऱ्यांनी पुरी केली. दुबईत अल कुसैसला घरी जाताना गाडी रोज त्या इमारतीसमोर ट्रॅफिकमध्ये अडकते. मी तिकडे बघत नाही.

ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाले, "दोन दिवस आईनं घास घेतला नाही, साहेब. पेजेची वाटी पुढे केली की म्हणायची, तो वाटेत आहे, आला की दोघं जेवू."