एक घोट तिचा, एक झुलालचा

सोनगीरच्या धुरपदाबाईचा सख्ख्या सावलीवरही भरवसा नव्हता. भगताचा अंगारा ती आधी मांजरीला लावून पाही. गाव हसे, ती गावावरही संशय घेई. मुलानं, गिरधरनं, दुसरं लग्न केलं तेव्हा पहिलीचा झुलाल सहा वर्षांचा होता. नवी सून सुगंधाबाई गोड बोलून गळा कापणार, हे धुरपदाबाईनं तिचं तोंड बघण्याआधीच ठरवून टाकलं होतं.

झुलालला ताप चढला तो उतरेना. पोट फुगलं, उजव्या कुशीला तो हात लावू देईना, आणि एका सकाळी डोळे हळदीसारखे पिवळे. धुरपदाबाईची नजर सुनेवर गेली. हिनंच काही चारलं!

"पहिले तू पे, मंग त्याले दे," काढ्याची वाटी बघून तिनं सुनेला बजावलं. पण पहिला घोट चोख आणि विष दुसऱ्यात, असं असलं तर? म्हणून दर घोटाला. एकाच चमच्यानं एक घोट तिचा, एक झुलालचा, आणि समोर सासूचा पहारा. सुगंधाबाई हूं की चूं करत नव्हती. धुरपदाबाईला तेही सोंगच वाटे.

शेवटी गिरधरनं पोराला बैलांच्या दमणीत घालून धुळ्याला नेलं. सासू-सून सोबत होत्याच. डॉक्टरांनी पोट चाचपलं. "मुदतीचा ताप आहे, टायफॉइड. त्यानं यकृत सुजलंय, म्हणून कावीळ. विष नाही, करणी नाही. पाणी उकळून द्या, आणि याचा चमचा दुसऱ्या कुणाच्या तोंडाला लागू देऊ नका."

धुरपदाबाईचे कान टवकारले. चाखू नका म्हणतो? म्हणजे सुनेनं यालाही फितवलं! घरी येताच पहारा आणखी कडक झाला. गिरधर मध्ये पडला, तर "तू बायकोना गुलाम शेस," म्हणून त्यालाच झापलं.

झुलाल वाचला. तो भाकरी मागू लागला आणि सुगंधाबाईनं अंथरूण धरलं. तोच ताप, तेच पिवळे डोळे. डॉक्टर घरी आले, चमच्याची हकिकत ऐकून सासूला म्हणाले, "त्याच चमच्यानं हिला ताप दिला. म्हणून तर नको म्हटलं होतं." धुरपदाबाईला तेव्हा सगळं उमगलं. सुगंधाबाई गेली.

तेराव्याला शेजारची तानुबाई जवळ सरकून कुजबुजली, "अक्का, गाव म्हनस, सासूनीच काही चारं. मी काही मानस नई."

"मान वं," धुरपदाबाई म्हणाली. "मीच चारं. घोट-घोट करीसन."