तीन आठवड्यांची बिस्किटं

गोळी खोटी आहे हे मी डबा उघडण्याआधीच ठरवून टाकलं होतं. डब्यावर एक कुत्रा हवेत उडी मारत होता आणि खाली लिहिलं होतं की वयस्क कुत्र्यांच्या सांध्यांसाठी. आमचा तेव्हा अकरा वर्षांचा. सकाळी उठताना मागचे पाय थरथरायचे, चार पावलं लंगडायचा, मग चालायला लागायचा.

सयाजीगंजातल्या ज्या डॉक्टरांनी ती लिहून दिली, त्यांच्याच दवाखान्याच्या जिन्याखाली ती विकणारं दुकान. मला एवढं पुरेसं होतं. मी मुद्दाम विचारलं, "यानं नक्की बरं वाटेल?"

"नक्की असं नाही सांगत," डॉक्टर म्हणाले. "काहींना फरक पडतो, काहींना नाही. वजन उतरवा, लादीवर घसरू देऊ नका. महिन्यानं आणा. एक्स-रे काढू, लागलं तर दुखण्याचं औषध सुरू करू. कुत्रा दुखणं लपवतो, एवढं लक्षात ठेवा."

खाली आल्यावर मी बायकोला म्हणालो, "बघितलंस? बरा झाला तर गोळीमुळे, नाही झाला तर कुत्रा लपवतोय."

"अहो, तुम्हाला दूधवाल्याचाही संशय येतो. खाऊ दे की त्याला गोळी."

ती रोज सकाळी भाकरीच्या तुकड्यात गोळी दाबून त्याला भरवायची आणि संध्याकाळी मला बातमी द्यायची. आज गॅलरीत धावत गेला. आज सोफ्यावर पुढचे पाय ठेवले. शेजारचे गुजराती काका दारातून ऐकून आपल्या गुडघ्यावर थाप मारत म्हणायचे, "भाभी, मारा घूंटण माटे पण एक आपो ने!" ती हसायची. मला मात्र वाटायचं, हिला जे बघायचंय तेच हिला दिसतंय.

मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. आलेल्या मालाचे नमुने तपासायचे. थोडक्यात, संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. तिथे प्रत्येक तपासणीसोबत आम्ही एक कोरा नमुना चालवतो, ब्लँक म्हणतो त्याला. बाकी सगळं तेच, फक्त जे शोधायचंय ते त्यात नसतं. कोऱ्यातही आकडा आला तर तो आकडा मालाचा नव्हे.

दिवाळीनंतर मी घरात ब्लँक चालवला.

बाजारात कुत्र्यांची साधी बिस्किटं मिळतात, तपकिरी, गोल. ती तासून गोळीएवढी केली आणि डब्यात भरली. खऱ्या गोळ्या स्कूटरच्या डिकीत. बायको रोज सकाळी ते बिस्किट भाकरीत दाबायची, आणि मी पेपरामागून बघायचो. तिच्याकडे, त्याच्याकडे नाही. हे लिहायला मला फार वेळ लागला. मी कुत्र्याला तपासत नव्हतोच.

तीन आठवडे झाले आणि एका संध्याकाळी ती म्हणाली, "खरंच सांगते, हा सुधारलाय. आता उठताना थरथरत नाही."

मला किती आनंद झाला! कुत्र्याचा नव्हे. मी जिंकलो होतो. गोळी खोटी, दुकान खोटं, म्हणजे डॉक्टर खोटे, म्हणजे एक्स-रेचा सल्लाही खोटा. सगळं एका झटक्यात. तिला मी यातलं काही सांगितलं नाही. फक्त म्हणालो, "सुधारलाय ना? मग बंद करू गोळ्या. डॉक्टरकडे तरी कशाला न्यायचं आता?"

तिच्याच शब्दांनी मी तिचं तोंड बंद केलं. ती कुत्र्याकडे वळली. "तुम्ही म्हणताय तर," म्हणाली.

एक गोष्ट राहिली. ज्या आठवड्यात मी बिस्किटं तासत होतो, त्याच आठवड्यात तिनं खंडेराव मार्केटातल्या कांदेवाल्याकडून रिकामी बारदानं आणली होती. उसवून, धुऊन, स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत अंथरली होती. धुतली तरी कांद्याचा वास जाईना. मी दोनदा कुरकुरलो, ती म्हणाली, "चालशे." डिसेंबरात माझे प्रयोगशाळेतले सहकारी जेवायला येणार होते. मी म्हटलं, "ही पोती काढ बाई, घर आहे का गोदाम?" तिनं गुंडाळून माळ्यावर टाकली. गुळगुळीत लादी पुन्हा चकचकीत झाली.

उत्तरायणाला आमचा कुत्रा गच्चीवर सगळ्यात आधी असायचा. पतंगांवर भुंकून त्याचा घसा बसायचा. यंदा आम्ही उंधियूचा डबा आणि फिरक्या घेऊन वर गेलो आणि शेजारच्या काकांनी इकडेतिकडे कुत्रा शोधत विचारलं, "केम भाई, आ वखते हीरो नथी आव्यो?"

मी खाली उतरलो. तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर पुढचे पाय ठेवून उभा होता. मागचे पाय लादीवर फाकले होते, सावरत होता, पुन्हा फाकत होते. आवाज नाही. मला बघून शेपटी हलवली, आणि त्या हलवण्यानंच तो खाली बसला.

दोन दिवसांनी एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी तो उजेडापुढे धरला. दोन्ही खुबे झिजले होते. "हे आजचं नाही," ते म्हणाले. "बरेच महिने दुखत असणार. तुम्ही महिन्यानं येणार होतात ना?"

बायको माझ्याकडे बघत होती. मी एक्स-रेकडे.

दुखण्याचं औषध सुरू झालं. चौथ्या दिवशी दुपारी तो कुशीवर पडून चारही पाय लांब करून झोपला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कित्येक महिने मी त्याला असं झोपलेलं पाहिलंच नव्हतं. मुटकुळं करून, मान ताठ ठेवून पडायचा, आणि मी समजायचो की म्हातारा झाला.

तिथेच, तो झोपलेला असताना, मी तिला सगळं सांगितलं. बिस्किटं, डिकी, पेपर.

ती उठून झोपलेल्या कुत्र्याजवळ जाऊन बसली. मग म्हणाली, "पण तो सुधारला होता. मी खोटं नव्हते बोलत."

"बिस्किटावर?"

"बारदानावर. घसरत नव्हता तो. रोज उठताना पाय रोवायला जागा मिळत होती. तुम्हाला नुसता कांद्याचा वास आला." पुढे म्हणाली, "माझ्यावर संशय घेतलात, त्याचं काही नाही, सवय आहे. त्याला का मध्ये घेतलंत?"

कोऱ्या नमुन्यात भेसळ झाली तर चाचणी फेकून देतात, हे मी नवीन लोकांना शिकवतो. घरात ती भेसळ माझ्या पायाखाली अंथरलेली होती, आणि आकडा मनासारखा आला म्हणून मी खाली पाहिलंच नाही. गोळीचा उपयोग होतो की नाही, मला आजही ठाऊक नाही. डॉक्टर अजून तेच सांगतात, काहींना होतो.

बारदानं पुन्हा अंथरली आहेत. दुखण्याच्या औषधासोबत ती गोळीही चालू आहे. आता सकाळी डबा मी उघडतो, भाकरीचा तुकडा मी मोडतो, तेवढं मी मागून घेतलंय. कुत्रा माझ्या हाताकडे बघत उभा असतो. त्या तीन आठवड्यांत फरक नाकाला कळणारा घरात तोच एक होता, तरी त्यानं रोज मुकाट्यानं खाल्लं.

बायको मात्र हात पुढे करते. गोळी माझ्या तळहातावरून उचलते, नाकाशी नेते, वास घेते. मग परत माझ्या हातावर ठेवते आणि म्हणते, "हं, द्या."