आभाळ बघून चहा पिणारा

२०२४ साल, मी चौऱ्याहत्तरचा. दिवाळीनंतर निवडणूक होती. कडा गावाजवळ आमच्या माळावर पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरलं. सभा संपेपर्यंत पायलट माझ्याजवळ बाभळीखाली बसला. चहाच्या दर घोटाआधी आभाळ बघायचा.

मी म्हणालो, "इथं विमानतळासारखा टॉवर न्हाई. दुसरं आलं तर धडकत न्हाई व्हय?"

"मी कुठे आहे ते रेडिओवर सांगत राहतो, आजोबा. समोरचाही सांगतो."

"कुणीच नसलं तर?"

"तरी सांगतो. गप्प बसणाऱ्याला वाटतं, आभाळ आपल्या एकट्याचं."

उसातल्या आंधळ्या वळणावर माझी बैलगाडी चुलतभावाच्या ट्रॅक्टरवर आदळता आदळता वाचलेली. पण आमचा अबोला. आधी हाक कोण देणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी वळणाआधी बैल थांबवले अन् खच्चून ओरडलो, "मी आलोय बे, गाडी घेऊन."

पलीकडं कुणीच नव्हतं. परतताना पुन्हा ओरडलो.