आधी पहिला भाग

"आधी पहिला!" असं म्हणून अप्पा समोरच्याच्या हातातला माऊस काढून घेत. सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात मी कारकून, ते डिझाइन काढणारे. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन भरून मोर आणि कमळं उतरवायची हे त्यांचं काम. जेवणाच्या सुट्टीत मात्र जुन्या लॅपटॉपवर भुतांच्या बंगल्याचा गेम.

त्याच गेमचा तिसरा भाग मी खेळतोय म्हटल्यावर, आधी पान खाऊन मग जेवायला बसणाऱ्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्याच दिवशी मला पहिल्या भागाला बसवलं.

पहिला भाग म्हणजे शिक्षाच होती. नायक वळायला बैलगाडीइतका वेळ घेतो, भिंत आडवी आली की आपलाच माणूस दिसेनासा होतो, नकाशा तर नाहीच. मी वैतागलो की ते म्हणत, "त्याच्यासंगं भांडू नका. त्याला तेवढंच जमतंय की. आपण हळू व्हायचं." भूत दिसलं की मारायचं नाही, पळायचं. राग आला की बंद करून चहा प्यायचा. नकाशा आपला आपण काढायचा.

ते स्वतः डिझाइनच्याच ग्राफवर नकाशे काढत. एकदा त्यातला एक कागद कामाच्या गठ्ठ्यात गेला, त्याबरहुकूम मागाला नक्षी सांगणारी भोकांची कार्डं पंच झाली, आणि मागावरून भुतांच्या बंगल्याचं तळघर असलेल्या चार चादरी उतरल्या. मालक लालबुंद. अप्पा चादर उजेडात धरून म्हणाले, "जिना एक घर चुकलाय की."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. जगाला धीर शिकवतो आणि घरात एका शब्दावर अडून बसतो. मुलीनं मनासारखं लग्न केलं म्हणून यांनी दोन वर्षं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. चूक त्यांची होती, आणि मी ते तोंडावर सांगितलं होतं. लहानपणी तिनं पहिला भाग अर्धाच सोडलेला. दर रविवारी ते तिला मोबाइलवर त्याच भागाची एक सूचना पाठवत. खुशाली नाही, माफी नाही. "दार उघडायच्या आधी सेव्ह करावं." निळ्या खुणा उमटत, उत्तर नसे.

एका दुपारी आम्ही डबे उघडले आणि तिचाच फोन आला. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून फोन कायम स्पीकरवर.

"अप्पा, तळघरात अडकलेय. बाहेर कसं पडायचं?"

त्यांनी हातातली भाकरी डब्यात परत ठेवली.

"फोनवर सांगता येत न्हाय गं," ते म्हणाले. "लई अवघड हाय. मी येतो."

भरला डबा तसाच टाकून ते पुण्याच्या एसटीकडे गेले. त्याला वर्ष झालं, अजून लेकीकडेच आहेत. डावीकडचं तिसरं दार ढकलायचं, एवढंच सांगायचं होतं.