बोट न जाणारी फट

ऑफिसात तिला सगळे भागूबाई म्हणत. भित्री भागूबाई. तोंडावर म्हणत, आणि तीही हसून ओ द्यायची. घरातून निघताना गॅस बंद केल्याची खात्री करायची, जिना उतरायची, पुन्हा वर येऊन बघायची. नवरा म्हणायचा, "अगं, तो गॅस आता तुला पावलांवरून ओळखत असेल."

असल्या माणसाला शोभेल असंच काम तिला मिळालं होतं. इमारत उभी राहण्याआधी संगणकात तिचं जे मॉडेल तयार होतं, त्यातल्या लोखंडी सळ्यांमधलं अंतर ती तपासायची. सळ्या फार लांब पडल्या तर काँक्रीटला तडे जातात. फार दाटीवाटीने बसल्या तर काँक्रीट आत शिरतच नाही, आणि वरून गुळगुळीत दिसणारा खांब आतून पोकळ राहतो. लोकांना वाटतं, लोखंड जितकं जास्त तितकं घर भक्कम. तिला या समजाचीच धास्ती होती.

त्या दिवशी सकाळी एका नव्या इमारतीचं मॉडेल ती फिरवून बघत होती. तुळई खांबाला मिळते त्या सांध्यावर तिने चित्र मोठं केलं आणि हात माउसवरच थिजला. तुळईची एक सळई खांबाच्या सळईतून सरळ आरपार गेली होती, भूत भिंतीतून जावं तशी. आणि संगणकाच्या तपासणीचा निकाल मात्र हिरवागार, म्हणजे पास.

संगणक ज्या नियमाने तपासणी करायचा, तो तिने उघडून वाचला. तो तुळईच्या सळ्यांचं अंतर तुळईच्याच सळ्यांशी मोजत होता, खांबाच्या सळ्यांचं खांबाच्याच. सख्ख्यांची भांडणं तेवढी त्याला दिसत. चुलत अंगावर येऊन बसले तरी पत्ता नाही. नियम लिहिला होता दुसऱ्याच कुणीतरी. पण वर्षभर त्या हिरव्या निकालाखाली सही तिची होती.

तिने पास केलेल्या इमारतींची यादी उघडली. त्यात बांधकाम चाललेली एक शाळा होती! तिच्या चौथ्या मजल्यावर आज काँक्रीट ओतायचं होतं. साहेब रजेवर, त्यांचा फोन लागेना. तिने साइटवरच्या इंजिनिअरला फोन लावला.

"मॅडम, पंप जोडलाय. गाड्या रांगेत उभ्यात."

"थांबवा."

"अहो, तुम्हीच तर पास केलंय!"

"माझं चुकलं असेल."

"असेल म्हणजे? नक्की काय ते सांगा ना!"

नक्की तिला सांगता येईना. पर्स उचलून ती निघाली.

इतकी वर्षं काम करून ती साइटवर कधी चढली नव्हती. जिन्याला कठडा नव्हता. भिंतीला तळहात घासत, खाली न बघता ती वर गेली. वर लोखंडाचं जाळं पसरलेलं, त्यावर डुगडुगत्या फळ्या. मधल्या खांबापाशी ती बसली आणि सळ्यांच्या फटीत तिने तर्जनी घातली. नखापर्यंत गेली आणि अडकली.

"माझं बोट जात नाही हो इथे," ती म्हणाली. "खडी कशी जाणार?"

इंजिनिअरने स्वतःचं बोट घालून पाहिलं. मग हात वर करून त्याने पंपवाल्याला थांबायची खूण केली आणि हळूच म्हणाला, "खालच्या मजल्यालाही हेच डिझाइन आहे."

"टेकू आहेत ना खाली?"

"परवाच काढले."

दोघं खाली धावले. मघाच्या जिन्याची भीती तिला आठवलीसुद्धा नाही. जेवणाची सुट्टी झाली होती, आणि नेमके मधल्या खांबाजवळच्या तुळईखाली सळ्या बांधणारे कामगार डबे उघडून बसले होते. एकाला उशाला हात घेऊन डोळा लागला होता.

"उठा!" ती किंचाळली. एरवी तिचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत पोचत नसे. "उठा आधी! बाहेर व्हा!"

"काय झालं बाई, साप निघाला का?"

"साप बरा म्हणायचा. उठा!"

कुरकुरत, डबे सावरत माणसं बाजूला झाली. निजलेल्याला दोघांनी ओढून काढलं. इंजिनिअर शिडी लावून हातोडी ठोकू लागला. खांबावर ठण्ण वाजलं, तुळईवर ठण्ण. सांध्यावर ढप्प. पुन्हा ठोकलं तसा वरचा पापुद्रा निखळून पडला. आत सुटी खडी, तिच्यात सिमेंटचा कण नाही, आणि उघडी सळई. आत्ताच जागा झालेला तो माणूस वर बघत राहिला, मग आपण निजलो होतो त्या जागेकडे.

दिवस मावळायच्या आत टेकू पुन्हा लागले. सांधे फोडून नव्याने भरावे लागले. चौकशीत तिने कुणावर ढकललं नाही. सही माझी, एवढंच सांगितलं. सहीचा अधिकार काही महिने गेला. वर्षभराची सगळी मॉडेलं पुन्हा तपासली, तेव्हा आणखी एका इमारतीत तशीच दाटी सापडली, सुदैवाने कागदावरच. जादा काम पडलं म्हणून काही सहकारी तिच्याशी धड बोलेनात.

तिची भीती काही कमी झाली नाही, उलट वाढली. परवा नवऱ्याबरोबर बाहेर जेवायला गेली, तर घास हातात धरून ती छताकडेच बघत बसली. टेबल बरोबर तुळईखाली होतं. नवऱ्याने एकदा वर पाहिलं, मग दोघांची ताटं उचलली आणि दाराजवळच्या टेबलावर नेऊन ठेवली.